बाबांची आंघोळ

बडोद्याच्या वाडी भागातल्या जुन्या लोकांना प्रतापसिंहराव मल्लखांबवाले म्हणूनच ठाऊक होते. ऐंशी उलटल्यावरही ते कठड्याला हात न लावता जिना चढायचे. मग अर्धांगवायूने उजवी बाजू गेली, बोलणं अडखळायला लागलं, आणि एकुलत्या मुलाने, सलीलने, रिफायनरीतली नोकरी मुदतीआधीच सोडली. त्याची बायको वसुंधरा शाळेत शिकवून सासऱ्यांचं जेवणखाण, औषधं बघायची, पण त्यांना उचलणं तिला झेपत नव्हतं. माणूस ठेवू या, असं ती म्हणाली तेव्हा सलीलने साफ नकार दिला. आपल्या बापाला परक्याच्या हाती द्यायचं नाही, एवढंच त्याचं म्हणणं.

रोज सकाळी तो बाबांना काखेत धरून न्हाणीघरात न्यायचा, स्टुलावर बसवून आंघोळ घालायचा. त्या वेळी ते डोळे घट्ट मिटून घ्यायचे. नंतरही दिवसभर तोंड भिंतीकडे. आजारपणाने माणूस असा झाला, असं सलीलला वाटायचं. कधी तो त्यांच्यावर खेकसायचा, मग गॅलरीत जाऊन स्वतःवरच चिडायचा. सयाजीगंजात मित्रांबरोबर चहाला जाणंही सुटलं.

एकदा बाबांना उचलताना त्याच्या कमरेत सणक गेली आणि दोघेही ओल्या फरशीवर बसले. शेजाऱ्यांनी उठवलं. बाबांना लागलं नव्हतं, पण डॉक्टरांनी सलीलला वजन उचलायची कायमची बंदी केली. अखेर डभोईचे रमणभाई आले, पन्नाशीचे, रुग्णांची कामं केलेले. पहिल्या दिवशी सलील न्हाणीघराच्या दाराबाहेर अपराध्यासारखा उभा होता. आत बाबा त्यांना गुजरातीत सांगत होते की पाणी जरा गरम घ्या. इतक्या महिन्यांत सलीलला त्यांनी हेही सांगितलं नव्हतं.

धुतलेला सदरा घालून बाहेर आल्यावर त्यांनी सलीलला जवळ बसवलं.

"तुला वाईट वाटेल," ते थांबत थांबत म्हणाले, "पण हे बरं झालं. तू मला धुवायचास ना, तेव्हा लाजेनं जीव जायचा."

"मग सांगायचं ना, बाबा."

"तू इतकं मनापासून करायचास. कसं सांगू?" मग डावा हात गालावरून फिरवत म्हणाले, "दाढी मात्र तूच करत जा."

तेव्हापासून दाढीच्या निमित्ताने दोघं बोलायला लागले. सलीलची आई लग्न होऊन बडोद्याला आली तेव्हा तिला गुजराती येत नव्हतं, भाजीवालीशी ती खुणांनी बोलायची, हे त्याला वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी कळलं. सांगताना बाबा हसायचे, आणि साबण ओठांवर यायचा.

पुढच्या हिवाळ्यात ते गेले. भेटायला येणारे सलीलच्या सेवेचं कौतुक करायचे, तो मान खाली घालून ऐकायचा. सगळे परतल्यावर त्याने वसुंधराला सांगितलं की रडू येतं, पण सुटल्यासारखंही वाटतं, आणि त्याची शरम वाटते.

"मलाही वाटतं," ती म्हणाली. तिने त्याच्या कमरेला उशी लावली आणि शेजारी बसून राहिली.