गोड्या पाण्यातला मासा

मासा हातात आला की मामू आधी डोळे मिटायचे. मग कल्ला उघडून नाक त्याच्याजवळ न्यायचे आणि तसेच उभे राहायचे. त्या वेळी कुणी बोललेलं त्यांना चालत नसे. एकदा मासे घेऊन आलेला भोई आपल्या मालाची तारीफ करायला लागला, तर डोळे न उघडताच म्हणाले, "चूप रे. तू मागून बोल. आधी याला बोलू दे." मासा पसंत पडला तर भुवया वर जायच्या. नाही पडला तर मुकाट्यानं परत टोपलीत. कारण विचारलेलं मात्र त्यांना आवडत नसे.

पैठण रस्त्यावरून आत वळलं की धरणाच्या फुगवट्याच्या काठावर त्यांचं हॉटेल होतं. पत्र्याची शेड, आठ टेबलं, प्लास्टिकच्या खुर्च्या आणि हातानं रंगवलेली पाटी : 'हवाई कोरियन किचन'. समोर नजर जाईल तिथपर्यंत पाणी. संभाजीनगरातले बरेच लोक रविवारी तिथं जेवून आलेले आहेत. नंतर त्यांच्यातल्याच अनेकांनी मामूंना नावं ठेवली. हे मी त्यांच्यासाठी लिहितो आहे. ती नावं मला ठेवायला हवी होती.

मामू पैठणकडचेच. तरुणपणी मुंबईला जाऊन जहाजावर भांडी घासायला लागले आणि फिरत फिरत हवाई बेटांवरच्या होनोलुलूच्या बंदरावर उतरले. तिथं एका कोरियन म्हातारीच्या खानावळीत त्यांनी एकोणीस वर्षं काढली. तिला ते हाल्मोनी म्हणत. कोरियन भाषेत आजीला तसं म्हणतात. "चुकलो की डावानं बोटावर मारायची," असं ते हसत सांगायचे आणि डाव्या हाताचं वाकडं बोट दाखवायचे. पाटीवरचं 'हवाई' वाचून गावाकडच्या पोरांना वाटायचं, हे विमानात स्वयंपाक करत होते. मामूंनी त्यांचा गैरसमज कधी दूर केला नाही.

हे कोरियन आणि हवाईचं एकत्र जेवण म्हणजे काय प्रकार आहे, असं मी पहिल्यांदा विचारलं, तेव्हा त्यांनी मला खुर्चीवर बसवून समजावलं. "साहेब, त्या बेटावर लई ऊस. तोडायला कोरियाचे लोक नेले, जपानचे नेले, कुठकुठचे नेले. दुपारी सगळ्यांचे डबे एका बांधावर उघडायचे. ह्याची कोबी त्याच्या भातावर, त्याचा मासा ह्याच्या ताटात. असं झालं हे जेवण. आपल्या कन्नडच्या साखर कारखान्याला ऊसतोडीच्या टोळ्या येतात ना, तसंच. फरक इतकाच, आपल्या टोळ्यांना कुणी हॉटेल काढून दिलं नाय."

ताटात भाताचे दोन गोळे असत, आइस्क्रीमच्या चमच्यानं काढलेले. शेजारी मॅकरोनीचं थंड सॅलड, अंड्यात बुडवून तळलेले चिकनचे पातळ काप आणि कोबीची किमची. किमचीला ते सिल्लोडची मिरची वापरत. शेंद्र्याच्या कारखान्यांतले कोरियन साहेब लोक ती खाऊन घाम पुसत आणि पुन्हा मागत. एकदा शेजारच्या वस्तीवरचा एक शेतकरी किमचीचा घास घेऊन ओरडला, "मामू, ही कोबी नासली की!"

"नासली नाय, मुरली."

"आंबट झाली ना पण."

"तुझ्या आईचं लोणचं मुरलं तर शाबास, आणि माझी कोबी मुरली तर नासली व्हय रे?"

तो शेतकरी पुढं दर आठवड्याला यायला लागला. घरी न्यायला डबाही आणायचा.

मी निवृत्त झाल्यावर जवळजवळ रोज तिथं जात असे. बायको गेलेली, मुलगा अजित शेंद्र्याच्या एका कोरियन कंपनीत, सून नोकरीला, नातवंडं शाळेत, दिवसभर घर रिकामं. मी मत्स्यव्यवसाय खात्यात एकतीस वर्षं काढली. प्लास्टिकच्या पिशव्यांत प्राणवायू भरून माशांची बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, आणायची आणि या जलाशयात सोडायची, हे माझं काम. त्या पाण्यातला कटला आणि रोहू मी माझाच समजत असे. आमची मैत्री जमायला तेच कारण झालं आणि पुढं सगळं बिघडायलाही.

मामूंच्या हातचा सगळ्यात नावाजलेला पदार्थ पोके. कच्च्या माशाचे चौकोनी तुकडे, तिळाचं तेल, सोया सॉस, कांद्याची पात. त्यासाठी मुंबईहून दर गुरुवारी बर्फाच्या पेटीत कुपा, म्हणजे ट्यूना मासा, यायचा. समुद्रातला, साफ करून, कातडी काढून आलेला. ज्या गुरुवारी पेटी येत नसे, त्या आठवड्यात पोके नाही. धरणातला मासा ते तळून देत, रस्सा करून देत, पण कच्चा कधीच नाही. मला याचा राग यायचा.

"मामू, यातला कटला मी करंगळीएवढा असल्यापासून ओळखतो."

"मग तळून देतो ना तुमच्या पोरांना. मस्त देतो. कच्चं नाय."

"कुप्याला काय सोनं लागलंय?"

"सोनं नाय, मीठ लागलंय. गोड्या पाण्याच्या माशात किडं ऱ्हात्यात साहेब. तुम्हाला मी काय सांगू? तुम्हीच लोकांना सांगत होता."

खरं होतं. मत्स्यपालकांच्या प्रशिक्षणात हा धडा मीच शिकवत असे. तरीही भर हॉटेलात माझ्या माशाला दुय्यम ठरवलेलं मला सहन होत नसे. त्यांच्यासमोर मी हसून सोडून द्यायचो. मनातून सोडत नव्हतो.

शुक्रवारी दुपारी मामू नमाजाला जात. तेवढा दीड तास हॉटेलात मी बसायचो. सगळं शिजवून, झाकून ठेवलेलं असे. मला फक्त वाढायचं असे. तीन वर्षांपूर्वी एप्रिलमधल्या एका शुक्रवारी असाच बसलो होतो. आदल्या दिवशी आलेल्या पेटीतला बर्फ वाटेतच वितळला होता. मामूंनी डोळे मिटून वास घेतला होता आणि सगळा कुपा खड्डा करून पुरला होता. निघताना मला बजावून गेले, "साहेब, आज कच्चं नाय. कुणी कितीबी मागू द्या."

ते गेल्यावर पंधरा मिनिटांनी अजितची गाडी आली. सोबत त्याचे वरिष्ठ पार्क साहेब आणि आणखी दोघे कोरियन. त्या महिन्यात कंपनी एका माणसाला प्रशिक्षणासाठी कोरियाला पाठवणार होती आणि नाव पार्क साहेब ठरवणार होते. अजित मला बाजूला घेऊन म्हणाला, "बाबा, हे खास पोकेसाठी आलेत. मी गाडीत सगळी तारीफ केलीये."

मी नाही म्हणू शकलो असतो. तळलेलं चिकन वाढलं असतं तर ते आनंदानं खाऊन गेले असते. पण मी मागच्या बाजूनं पाण्यावर गेलो. एक भोई नुकताच जाळं ओढून आला होता. त्याच्याकडून मी अडीच किलोचा कटला घेतला, अजून शेपूट हलवणारा. तो मामूंच्या पाटावर मामूंच्याच सुरीनं कापला. तेल, सोया, पात, सगळं त्यांनी घालताना बघितलं होतं तसंच घातलं.

ताट समोर ठेवल्यावर पार्क साहेबांनी तुकडा चमच्यावर उचलला, पाण्याकडं बोट दाखवलं आणि अजितला काहीतरी विचारलं. गोड्या पाण्यातला मासा कच्चा खाऊ नये, हे कोरियन लोकांनाही ठाऊक असतं. अजित माझ्याकडं वळला. "बाबा, ते विचारतात, समुद्राचाच आहे ना?"

"समुद्राचाच," मी म्हणालो. "मुंबईचा."

त्यांनी ताट पुसून खाल्लं. अजित कच्चं खात नाही. मी एक तुकडा खाल्ला. मला काहीही झालं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी अजितचा फोन आला. तिघेही इस्पितळात होते. दोघे चार दिवसांत बरे झाले. पार्क साहेबांच्या रक्तात जंतू पसरले, ते दोन आठवडे अतिदक्षता विभागात राहिले आणि त्यांच्या उजव्या पायाचा पंजा कापावा लागला. त्या सकाळी मात्र एवढंच कळलं होतं की, काल खाल्लेल्या माशानं काहीतरी झालं आहे. "बाबा, मासा कुठला होता?" अजितनं विचारलं. त्याच्या आवाजात भीती होती. मीच कापला म्हटलं असतं तर त्याची नोकरी त्याच दिवशी गेली असती.

"मामूंनी ठेवला होता तोच," मी म्हणालो.

दुपारी मी हॉटेलावर गेलो. मामू एकटेच आत होते. त्यांनी पाट उचलून उभा केला होता आणि त्याच्या खालचा ओटा न्याहाळत होते. मला बघून बाहेर आले आणि उजवा तळवा माझ्यापुढं धरला. त्यावर एक खवला होता, नखापेक्षा मोठा, गोल. साफ करून आलेल्या कुप्याला खवला नसतो.

"साहेब, हे कशाचं आहे, जरा सांगता? तुमच्याइतकं कुणाला कळतं?"

मी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. खवला बोटात धरून उजेडाकडं केला. कटल्याचा खवला मी अंधारातही ओळखला असता.

"ओळखू येत नाही," मी म्हणालो.

मामूंनी खवला माझ्या बोटांतून परत घेतला. मग त्यांनी मूठ मिटली आणि आत गेले. आमच्यात त्या विषयावर नंतर एक शब्दही झाला नाही.

तपासणीला माणसं आली तेव्हा मी तिथं होतो. त्यांनी विचारलं, शुक्रवारी मासा कुणी दिला? मामू म्हणाले, "माझ्या किचनमधून गेला ना? मग मीच दिला." हॉटेलला सील लागलं. शहरात बोलणं सुरू झालं की तो सडका माल खपवत होता, परदेशात काय शिकला कुणास ठाऊक, असल्या लोकांच्या हातचं खावंच कशाला. कामगार चौकातल्या माझ्या कट्ट्यावरही हे बोललं गेलं. मी चहा पीत ऐकत होतो.

अजित कोरियाला जाऊन आला. आज चांगल्या हुद्द्यावर आहे.

मामूंना कुणी काम देईना. शेवटी फर्दापूरला लेणी बघायला येणाऱ्यांच्या एका ढाब्यावर त्यांना पुऱ्या तळायचं काम मिळालं. दीड वर्षानं मी तिथं गेलो. सगळं सांगून टाकायचं ठरवूनच गेलो होतो. ते कढईपुढं उभे होते, दंडाची कातडी लोंबायला लागली होती. मला बघून आश्चर्य वाटल्याचं त्यांनी दाखवलं नाही.

"या साहेब. पुरी खा, गरम आहे."

"तुम्ही कसे आहात?"

"बघताय की. तुमचा चष्मा नवा दिसतो."

"हो. नंबर वाढला."

"बरं झालं. आता नीट दिसत आसंल."

एवढं बोलून त्यांनी पुढची पुरी तेलात सोडली. तेवढ्यात कोरियन भिक्षूंचा एक जथा बसमधून उतरला. मामूंनी त्यांना त्यांच्या भाषेत काहीतरी म्हटलं. ते सगळे थबकले, वाकले, हसले. ढाब्याचा मालक आतून ओरडला, "ओ मामू, गप्पा नंतर! पुऱ्या!" मी चार पुऱ्या खाल्ल्या आणि परत आलो. काहीही न सांगता.

या हिवाळ्यात मामू गेले. मला कळायला महिना लागला. त्यांची मुलगी रेहाना फर्दापुरातच एका खोलीत राहते. तिला बापाचंच हॉटेल पुन्हा उभं करायचं आहे, सगळं शिकलेली आहे. पण जागा बघायला गेली की मालक विचारतो, "त्या हवाईवाल्याची पोरगी ना तू? विषबाधावाल्या?" आणि जागा आधीच गेलेली असते.

मी तिच्यासमोर जमिनीवर बसलो आणि भोयाकडून मासा घेतल्यापासून खवल्यापर्यंत सगळं सांगितलं. ती रडली नाही, चिडलीही नाही. चहा मात्र तिनं विचारला नाही.

"अब्बांना ठाऊक होतं, हे मला ठाऊक होतं," ती म्हणाली. "मी लई विचारलं. कोण होतं अब्बा, सांगा. नाय सांगितलं. म्हणायचे, त्यानं स्वतः सांगावं."

"मी चुकलो, बेटा."

"मी आता तुमचं नाव घेऊ शकते. पण लोक म्हणतील, बापाला वाचवते. तुम्हीच घ्या, अंकल."

"घेतलं ना आता."

"इथं नाय. इथं आपण दोघंच आहोत."

घरी येऊन मी हे लिहायला बसलो. लिहून झाल्यावर अजितला वाचायला दिलं. त्यानं उभ्यानंच वाचलं. शेवटच्या पानापर्यंत न जाता म्हणाला, "बाबा, मामू गेले. मी आहे अजून. माझी पोरं आहेत."  अजित आहे, त्याची पोरं आहेत, हेच तीन वर्षं मी स्वतःला सांगत आलो होतो.

या मजकुराच्या आणखी तीन प्रती मी काढल्या आहेत. एक अन्न तपासणीच्या कार्यालयाला, एक कंपनीच्या पत्त्यावर पार्क साहेबांसाठी आणि एक रेहानाला, जागा बघायला जाताना सोबत न्यायला. प्रत्येकीवर पूर्ण नाव, जुना हुद्दा आणि सही आहे. आज सकाळी पोस्टात टाकून आलो. अजित आपलं कपाट रिकामं करून बॅगा भरतो आहे. त्याचा आवाज मला या खोलीत ऐकू येतो आहे, आणि मी त्याला थांबवायला उठलेलो नाही.