चारचौघांत नेसायचं लुगडं

आमच्या गावच्या समाजमंदिराला लोक अजून फार नावाजतात. गोरगरिबांचा आधार म्हणतात. म्हणोत बापडे. मी त्याच्यासमोरून जाते तेव्हा अजून मान फिरवते, आणि ते सांगायची मला लाज वाटत नाही.

इंदापूर तालुक्यात, निरवांगीला चालत जाता येईल एवढ्या अंतरावर आमचं गाव. समाजमंदिर म्हणजे एक लांबट खोली, वर पत्रे, पुढं ओटा. सकाळी तिथं बालवाडी भरायची, दुपारी बायकांचा शिवणवर्ग आणि संध्याकाळी ओट्यावर पत्त्यांचा डाव. गावाची मोठी पातेली आणि सतरंज्या आतच ठेवलेल्या असायच्या. ज्याच्या घरी कार्य असेल त्यानं न्यायच्या आणि घासूनपुसून परत आणायच्या. पोरांना बालवाडीत उसळ मिळायची, आया तेवढा वेळ निर्धास्त रानात जायच्या. चांगलं होतं ते. चांगल्याला चांगलं म्हणायला माझी ना नाही.

नव्वदचं दशक नुकतं लागलं होतं. आमच्याकडं पूर्वी मेंढरं होती. आजोबांच्या मागं ती विकली आणि वडील हंगामात उसाच्या ट्रॉल्या भरायला जाऊ लागले. त्या वर्षी हंगाम संपत आला असताना मोळ्या रचता रचता ते ट्रॉलीवरून खाली आले आणि कमरेतून गेले. उठून बसायचं तरी दुसऱ्याचा हात लागायचा. आई खुरपणीला जायची. शाळेला सुट्टी लागलेली, म्हणून वडिलांजवळ ताई असायची. पण जूनमध्ये ताई नववीत जायची होती. मग घरी कोण थांबणार? आईला घरात बसून काही मिळवता आलं तर ताईची शाळा टिकणार होती, नाहीतर सुटणार होती. हे आमच्या घरात कुणी बोलून दाखवत नव्हतं, पण जेवताना सगळ्यांच्या डोक्यात तेच असायचं.

शिवणवर्ग दिवाळीपासून चालू होता. बारामतीची कुठलीशी संस्था तो चालवायची. दोन पायमशीनी आणि दहाबारा बायका. आई तिथली सगळ्यात हुशार शिकाऊ होती. मी मुलगी म्हणून म्हणत नाही, तिनं शिवलेली झबली बालवाडीतल्या पोरांच्या अंगावर होती. वर्तमानपत्राच्या कागदावर आधी ब्लाऊज कापायचा आणि मग कापडाला कात्री लावायची, हे ती घरी वडिलांच्या खाटेशेजारी बसून करायची. वडील पडल्या पडल्या कागद धरायचे. वर्ग संपल्यावर एक मशीन सगळ्यात गरजू बाईला द्यायची, असं संस्थेनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. आमच्या घरात त्या मशीनची जागासुद्धा ठरली होती, खिडकीखाली.

मेच्या शेवटाला कार्यक्रम ठरला. बारामतीहून मॅडम येणार, त्या स्वतः बायकांशी बोलणार आणि त्याच ठरवणार. गावातल्यांनी ठरवलं तर भावकीत भांडणं लागतात म्हणे. आता गंमत बघा. भांडण नको म्हणून निवाडा अशा माणसाकडं दिला, ज्याला कुणाच्या घरात काय शिजतं हे ठाऊकच नाही.

आईकडं दोन लुगडी होती आणि दोन्ही विरलेली. चारचौघांत, तेही पाहुण्यांपुढं, फाटकं नेसून बसणं म्हणजे सभेचा अपमान, असं आमच्यात मानतात. शेजारीच माझी चुलती राहायची. वडिलांच्या चुलतभावाची बायको, नात्यानं आईची थोरली जाऊ. तिच्या घरी बागायत होती, दोन म्हशी होत्या. पण तिचा नवरा हाताचा घट्ट, त्यामुळं तिच्याकडंही चांगलं असं एकच इरकली लुगडं. आईनं मागायच्या आधीच ती ते घेऊन आली.

"हे नेस. तुझं काम हाय तितं," चुलती म्हणाली.

"आन् तुमी काय नेसणार, आक्का?"

"माझं काय अडलंय? मी बसंन मागं."

चुलती वाईट नव्हती, हे मी मुद्दाम लिहून ठेवते. ती वर्गाला यायची ती घरातून तासभर सुटका म्हणून. सुईत दोरा ओवायला शेजारणीला सांगायची.

कार्यक्रमाला सगळा गाव लोटला. मॅडम जीपमधून उतरल्या. गावचे तात्या, म्हणजे समाजमंदिराच्या कमिटीचे अध्यक्ष, हार घेऊन पुढं. बायकांना एकेक करून समोर बोलावलं. आई गेली. केसांना तेल, कपाळावर ठसठशीत कुंकू, अंगावर इरकली. मॅडमनी तिच्या हातची झबली बघितली, कौतुक केलं आणि विचारलं, "घरी कसं चाललंय?"

आता पाहुण्यानं विचारलं कसं चाललंय, तर आमच्याकडं उत्तर एकच असतं. घरात चूल पेटलेली नसली तरी तेच असतं. आई म्हणाली, "बरं हाय, बाई. देवाच्या दयेनं काय कमी न्हाय."

मॅडम हसल्या. "छान. अशीच प्रगती करा," म्हणाल्या आणि आईला खाली बसायला सांगितलं.

मग चुलतीचा नंबर आला. खांद्यावर ठिगळ लावलेलं तिचं रोजचं लुगडं, शेण-घाण काढून तशीच आलेली. तिलाही तेच विचारलं आणि तिनंही तेच सांगितलं, "बरं हाय." पण मॅडमनी तिचा हात हातात घेतला आणि ते ठिगळ बघत म्हणाल्या, "खोटं कशाला सांगता? आम्हाला दिसतंय ना."

मशीन चुलतीला मिळाली.

कमिटीची पाच माणसं खुर्च्यांवर बसली होती. वडील पडले तेव्हा त्यांना उचलून आणणाऱ्यांत त्यातले दोघं होते. तात्या आठवड्यापूर्वी आमच्या घरी येऊन काळजी करून गेले होते. एकानंही तोंड उघडलं नाही. भरसभेत पाहुण्याचा शब्द खाली कसा पाडायचा? आधी तात्यांनी टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनी. चुलती आईकडं बघत राहिली. तिचा नवरा मात्र मागून पुढं आला आणि त्यानं मशीन खांद्यावर घेतली. मला अजून त्या टाळ्यांचा राग येतो. चुलतीचा नाही येत, नवऱ्यापुढं तिचं चालत नव्हतं. आणि मॅडम तर बिचाऱ्या जीपमधून आल्या आणि जीपमधून गेल्या. राग येतो तो ज्यांना माहीत होतं त्यांचा.

संध्याकाळी चुलती आली आणि उंबऱ्यातच बसली. "मशीन माझ्या घरात हाय, पर शिवायची तूच," म्हणाली. आई काही दिवस गेलीही. पण ब्लाऊज टाकायला बायका येऊ लागल्या तसं चुलत्याला ते खुपू लागलं. घराची धर्मशाळा केली, असं तो एकदा आईच्या देखत म्हणाला. आई त्या दिवशी अर्धा शिवलेला ब्लाऊज उचलून घरी आली आणि बाकीचा तिनं हातानं पुरा केला. त्या मशीनवर पुढं रेडिओ बसला.

जूनमध्ये शाळा उघडली. मी गेले, ताई गेली नाही. वडिलांचं सगळं ताईच करायची. वडील तिच्याकडं बघायचे नाहीत, भिंतीकडं तोंड करून पाणी प्यायचे. पुढच्याच्या पुढच्या वर्षी बारामतीजवळच्या सांगवीचं स्थळ आलं. घरात बसलेली पोर किती दिवस ठेवायची, असं ज्यानं त्यानं येऊन सांगितलं, आणि आईच्या अंगात नाही म्हणायचं बळ उरलं नव्हतं.

लग्न समाजमंदिरात लागलं. भाडं माफ, पातेली फुकट, सतरंज्या फुकट. अक्षता पडल्यावर तात्यांनी चार शब्द बोलायला माईक घेतला. समाजमंदिर नसतं तर अशा घरांनी काय केलं असतं, गाव गरिबाच्या पाठीशी कसं उभं राहतं, वगैरे. पुन्हा टाळ्या.

पंगतीत आई तात्यांना वाढायला गेली. मी तिच्यामागं पाण्याचा तांब्या घेऊन होते. आईनं भात वाढला, वर वरण घातलं आणि हळूच, जणू मीठ पाहिजे का विचारावं अशा आवाजात म्हणाली, "तात्या, आमी गरीब हाय हे आज कसं दिसलं तुमाला?"

तात्या भात कालवत राहिले. आई पुढच्या पानाकडं गेली. तिकडं ताईला नवऱ्याशेजारी पाटावर बसवलं होतं आणि बायका तिला नाव घे म्हणून छळत होत्या. तिला सोळावंही पुरं झालं नव्हतं.