दोडका फुलायची वेळ

आमच्या घरी दुपारचा चहा घड्याळ बघून कधी झालाच नाही. अंजनगाव सुर्जीच्या बाहेर आमचा भाजीपाल्याचा मळा आहे. दोडक्याच्या दिवसांत आई मांडवाखालून हाक मारायची, "फुलं उमलून राहिली वं, चहा मांड." की मी चहा मांडायची. दोडक्याचं फूल तसंच असतं. सकाळभर, दुपारभर मूठ आवळून बसतं आणि ऊन कललं की उघडतं. बघता बघता अख्खा मांडव पिवळा होतो. हे मला इतकं ठाऊक होतं, की ते आपल्याला ठाऊक आहे हेच माझ्या ध्यानात राहिलं नाही. गेल्या वर्षी ते भर मैदानात आमच्या अंगाशी आलं.

आम्ही म्हणजे मी आणि माझी भागीदार. दोघी अमरावतीला एकाच वर्गात आर्किटेक्ट झालो आणि तिथेच एका चष्म्याच्या दुकानावर एका खोलीचं ऑफिस थाटलं. ती अकोल्याची. अमरावतीचे लोक स्वतःला फार शहाणे समजतात असं तिचं मत, आणि अकोल्याचं ऊन डोक्यात गेलं की माणूस असाच बोलतो असं माझं. या एका मुद्द्यावर आमचं ऑफिस तीन वर्षं छान चाललं होतं. काम मात्र यथातथाच. लोक यायचे ते देवघराचं तोंड कुठे करायचं ते विचारायला, नाहीतर जिना आत घ्यावा की बाहेर एवढ्यापुरते. आम्ही मोठ्या हौसेनं काढलेले नकाशे बघून म्हणायचे, "हे राहू द्या मॅडम, साधं सांगा."

मी हसून साधं सांगायची. तिला ते लागायचं. "इथं आपलं काम पाहाले येते कोन?" ती म्हणायची. पुण्यातल्या एका मोठ्या ऑफिसातून तिला बोलावणं आलं होतं आणि ती ते नाकारतही नव्हती, स्वीकारतही नव्हती. त्यात अकोल्याला नव्या दमाच्या आर्किटेक्टांसाठी स्पर्धा जाहीर झाली. आपणच कल्पना मांडायची, आपल्याच हातांनी मैदानात उभारायची, दहा दिवस लोकांसाठी ठेवायची आणि जागा होती तशी करून निघायचं. शिल्पासारखी दिसेल आणि माणसाला आत शिरता येईल अशी रचना हवी होती.

"हे शेवटचं," ती म्हणाली. "जिंकलो तं राहतो. नाई तं दिवाळी झाल्यावर मी पुण्याले."

तिच्याशिवाय ऑफिस म्हणजे मी, एक टेबल आणि खालच्या दुकानातून येणारी चष्म्याची गिऱ्हाइकं. मला धडकीच भरली. त्याच धडकीत मला मांडव सुचला.

कल्पना सोपी होती. बांबूच्या कमानींचा एक बोगदा, शंखासारखा आत आत वळत जाणारा, त्यावर जिवंत दोडक्याचे वेल. माणूस हिरव्या सावलीतून वळत वळत मधोमध पोहोचला की डोक्यावर पिवळ्या फुलांचं छत. मी ते छत रंगीत पेन्सिलींनी इतकं पिवळं रंगवलं की पेन्सिल संपली. तिनं बोगद्याच्या आतल्या बाजूनं एक लांब, बुटकं बाक काढलं, वळणाबरोबर वळत जाणारं. त्यावरून आमची जुंपली.

"दोडक्याच्या मांडवात कोनी बसत नसते," मी म्हटलं. "तिथं मानूस वाकते, तोडते, फवारते आन् बाहेर निघते."

"मंग त्यायले बसाले जागाच कोनी देल्ली नसन," ती म्हणाली, आणि बाक राहिलं. मी मनातल्या मनात त्याला फालतू लाकूडकाम म्हणून टाकलं.

आमची निवड झाली. घरी फोन केला तर आई म्हणाली, "मांडवाची स्पर्धा? मंग आपल्या अख्ख्या गावाले बक्षीस भेटाले पायजे." बाबांचं दुःख वेगळं होतं. "पाच वर्सं शिकून मांडवच टाकाचा होता तं इथंच टाकला असता," ते म्हणाले. पण बी त्यांनीच आणलं. मोठ्या पिशव्यांत माती भरून वेल आमच्याच मळ्यात वाढवले, बांबूच्या सुट्या चौकटींवर चढवले. आई रोज फोनवर खबर द्यायची आणि शेवटी न चुकता विचारायची, "दोडके कोन तोडन मंग?" स्पर्धेच्या नियमांत याचं उत्तर नव्हतं.

अकोटमार्गे टेम्पो निघाला त्या दिवशी बाबा मागे वेलांमध्ये उभे होते, दोन्ही हातांनी चौकटी धरून. रस्ता कसा आहे ते त्या वाटेनं गेलेल्याला सांगायला नको. अकोल्याच्या मैदानात उतरले तेव्हा त्यांच्या टोपीवर, कानामागे, शर्टाच्या खिशात सगळीकडे दोडक्याची पानं होती. ड्रायव्हर म्हणाला, "काकाजीलेच उभं करा तिथं, पयला नंबर येते."

बाबा त्याच टेम्पोनं परत गेले आणि पुढचे दिवस आम्ही दोघींनी कमानी वाकवल्या, सुतळ्या बांधल्या, हात सोलून घेतले. शेजारी नाशिकची टीम संत्र्याच्या लाकडी खोक्यांचा उंच मनोरा रचत होती. खोकी आमच्याकडची, संत्री आमच्याकडची, आणि मनोरा नाशिकचा. पण मुलं चांगली होती, आमची शिडी घेत होती आणि परतही करत होती. आमचा बोगदा उभा राहिला तेव्हा माझी भागीदार चार वेळा आत जाऊन बाहेर आली आणि म्हणाली, "जिंकतो वं आपन." तिला इतकी खूश मी पहिल्यांदाच बघत होते.

त्याच दुपारी आयोजकांनी वेळापत्रक वाटलं. परवा सकाळी दहा ते एक परीक्षक फिरणार, चारनंतर लोकांना प्रवेश, साडेपाचला निकाल. मी ते वाचलं, घडी करून खिशात ठेवलं, आणि मग ते हळूहळू माझ्या डोक्यात शिरलं.

"ऐक," मी म्हटलं. "सकाळी फुलं मिटलेली असतात."

तिनं हातातली सुतळी खाली ठेवली. "तू मले सांगून राहिली का," ती म्हणाली, "की आपलं छत सकाळी बंद असते?"

"हाव."

"आन् तुले हे कधीपासून माईत आहे?"

"लहानपनापासून."

यावर ती काय काय बोलली ते लिहिण्यासारखं नाही. त्यात अमरावती होती, माझं घराणं होतं आणि माझी डिग्रीही होती. तेवढ्यात मी जास्तीचं शहाणपण करून सांगितलं की कारल्याची, काकडीची फुलं मात्र सकाळी उमलतात. ते त्या क्षणी सांगायला नको होतं. "मंग कारलं लावता नाई आलं तुले?" असं ती इतक्या जोरात ओरडली की नाशिकच्या मनोऱ्यावरचा मुलगा खाली उतरला.

मग तिनं उपाय काढला. फुलांना अंधार हवा ना, आपण अंधार करू. दुसऱ्या दिवशी सकाळी तालीम म्हणून आम्ही मैदानातल्या सगळ्या ताडपत्र्या मागून आणल्या आणि मांडव झाकला. ऑक्टोबरचं अकोल्याचं ऊन आणि वर ताडपत्री. आत भट्टी झाली. एक फूल उमललं नाही, पानं मात्र माना टाकू लागली. मी घाबरून आईला फोन लावला.

"पयले ते ताडपत्री काढ," आई म्हणाली. "वेल शिजून राहिले तिकडं. फुलाले का फसवता येते?" मग जरा थांबून, "पानी मारा आन् गुमान बसा. आमी येतो उद्या."

पाणी मारलं. वेल सावरले, आम्ही काही सावरलो नाही.

परीक्षक आले तेव्हा ऊन चांगलंच चढलं होतं. तिघं होते आणि त्यांत पुण्याहून आलेली एक वयस्क बाई, पांढरे केस, गळ्यात चष्म्याची साखळी. त्या आमच्या बोगद्यातून सावकाश मधोमध गेल्या आणि वर बघितलं. हिरवी पानं, हिरव्या कळ्या, मधून मधून लोंबणारे दोडके.

"तुमच्या चित्रात छत पिवळं होतं," त्या म्हणाल्या. "पिवळं कुठे आहे?"

"संध्याकाळी येतं," मी म्हटलं.

"आता नाही का?"

"आता तुम्ही लवकर आल्या."

पुण्याकडे हे वाक्य कसं बोलतात ते मला माहीत नाही. आमच्याकडे असंच बोलतात आणि कोणी मनावर घेत नाही. माझ्या भागीदारानं मला असा चिमटा काढला की त्याची खूण आठवडाभर राहिली. बाईंनी काहीतरी लिहून घेतलं, बाकाकडे एक नजर टाकली आणि तिघं मनोऱ्याकडे गेले. तिथे ते बराच वेळ होते. कोणीतरी टाळ्याही वाजवल्या.

"झालं," ती म्हणाली. फोन काढून पुण्याच्या ऑफिसचा नंबर बघत बसली.

चारला फाटक उघडलं आणि अकोला आत आलं. घरची कामं आटोपून निघालेल्या बायका, निवृत्त मंडळी, लेकरं, आणि त्यांतच एस.टी.नं आलेले माझे आईबाबा. बोगद्याच्या कमानी चांगल्या उंच होत्या, तरी आई सवयीनं वाकूनच आत शिरली. आत आल्या आल्या तिनं पानं उलटी करून कीड बघितली. एक दोडका दाबून पाहिला आणि माझ्याकडे रागानं बघितलं, कारण तो कालच तोडायला हवा होता.

"काकू, बसा ना," माझी भागीदार म्हणाली.

"मांडवात बसतात का बाई?" आई म्हणाली. अगदी माझेच शब्द, किंवा मी तिचे उचललेले. पण ती बसली. पदर सावरून, बाकाच्या टोकाला, कोणी उठ म्हणेल अशा बेतानं. बाबा तिच्या शेजारी बसले.

आणि ऊन कललं.

आधी एक उमललं, मग त्याच्या बाजूचं, मग कुठे बघावं ते कळेना. भाजीची पिशवी घेतलेली एक बाई बोगद्याच्या तोंडाशी उभी राहून ओरडली, "अवं, हा तं दोडका हाय!" आणि लोक वळले. थोड्या वेळात रांग लागली. आत आलेला माणूस बसायचा आणि बसलेला उठायचा नाही. कोणी काही मोठं बोलत नव्हतं. वास दरवळत होता, तो दोडक्याच्या फुलांचा मंद वास, जो मी वास म्हणून कधी धरलाच नव्हता.

आई मान वर करून बसली होती. "तीस वर्सं मांडव टाकले," ती म्हणाली, "पन बसून नाई पायला कधी." तिनं बाकावर तळहात टेकवला आणि माझ्या भागीदाराला म्हणाली, "बाक चांगलं केलं वं पोरी. कंबरीले बरं वाटून राहिलं." ज्याला मी फालतू म्हटलं होतं त्यावर माझी आई बसली होती, आणि या मांडवाचं सगळ्यात चांगलं काही असेल तर ते तिचं बसणंच होतं.

मंचावरून साडेपाचला निकाल पुकारला. पहिला नंबर खोक्यांच्या मनोऱ्याला. दुसरा, तिसरा, उल्लेखनीय, कशातच आम्ही नव्हतो. समोरच्या खुर्च्या मात्र निम्म्या रिकाम्या होत्या, कारण लोक आमच्याकडे होते. त्या पांढऱ्या केसांच्या बाई मंचावरून उतरून आल्या, वर बघत बघत मधोमध पोहोचल्या आणि बाबांनी सरकून दिलेल्या जागेत आईच्या शेजारी बसल्या.

"रोज असंच फुलतं?" त्यांनी विचारलं.

"रोज," आई म्हणाली. "तुमी सकाळी आल्या म्हने. सकाळी काहून आल्या?"

बाई आधी चपापल्या आणि मग खळखळून हसल्या. निकाल तर देऊन झाला होता. पण त्या अंधार पडेपर्यंत तिथेच बसल्या आणि जाताना आईनं त्यांच्या पिशवीत कोवळे बघून चार दोडके घातले. दोडके कोण तोडणार हा प्रश्न असा सुटला.

मी माझ्या भागीदाराला शोधत होते. ती बोगद्याच्या तोंडाशी उभी होती. तिच्या गावातले लोक तिनं बनवलेल्या बाकावर खेटून बसले होते, तिला स्वतःला टेकायला वीतभर जागा नव्हती, आणि एक आजोबा तिला दरडावून सांगत होते की आत गर्दी झाली आहे, नंबर लावा. ती खरोखरच रांगेत उभी राहिली होती.

मी तिच्या मागे जाऊन उभी राहिले. हरलो होतो, ठरलेलं ठरलेलं होतं. रांग थोडी पुढे सरकली.

"उद्या पुन्याले फोन करतो," ती मागे न बघता म्हणाली. "येत नाई म्हनून सांगतो." मग वळली, आणि तिनं माझ्यापुढे बोट नाचवलं. "पन पुढच्या वेळेस कारलं."