पांढरी दोन

लातूरहून आलेल्या दत्तोबांनी भोसरीतल्या वर्कशॉपमध्ये प्रेस मशीन चालवून लेकीला संगीतात बी.ए. केलं. विजयश्रीचा गळा खालचा, भरदार. पेटीच्या काळी तीन पट्टीत ती गायला लागली की शेजारच्या खोल्यांतले कामगार शिफ्टला जाताजाता दाराशी थबकायचे.

शेवटच्या वर्षाच्या प्रात्यक्षिकाला विभागप्रमुख शेखर सरांनी तिला बरीच वरची काळी पाच लावून दिली.

"सर, माझी पट्टी..."

"मुली याच पट्टीत गातात. जमत नसेल तर ऊठ."

अंतऱ्याला आवाज फाटला. सर बाहेरच्या परीक्षकांकडे वळून हसले. "भोसरीची आहे. भोंगा वाजायचाच."

कसाबसा सेकंड क्लास मिळाला. गळा दुसऱ्या दिवशी ठीक झाला, पण चारचौघांत तोंड उघडायची हिंमत गेली ती गेलीच. मग तिनं पेटी धरली. सकाळी मारुंजीच्या शाळेत मुलांना प्रार्थना शिकवायची, सुट्टीच्या दिवशी कार्यक्रमांना साथ करायची. सहा वर्षं ते हसणं तिनं मनात जपून वाढवलं.

यंदा चाकणच्या एका कंपनीच्या स्नेहसंमेलनात सर गायला आले, आणि पेटीला नेमकी तीच. सरांनी तिला ओळखलंही नाही. "काळी एक लाव गं," म्हणून ते शाल सावरत साहेबलोकांशी बोलायला गेले.

विजयश्रीनं इलेक्ट्रॉनिक तानपुरा पांढरी दोनला लावला. अर्धाच सूर वर. तबल्यावरच्या भिवाकाकांनी चमकून पाहिलं.

"सरांनीच सांगितलंय," ती म्हणाली.

सुरुवातीला सर खुशीत होते. वर चढू लागले तशा मानेच्या शिरा तटतटल्या आणि भरल्या हॉलसमोर गळा फाटला. मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. सरांनी ठसका लागल्याचं सोंग केलं, पाणी प्यायले, पुन्हा चढले. पुन्हा फाटला. अशा वेळी पेटीवाल्यानं सूर भरून गवयाला झाकायचं असतं. विजयश्रीनं भाता सोडून दिला.

विंगेत सर घामाघूम होऊन आले. "कुठली पट्टी होती?"

"पांढरी दोन."

"मी काळी एक सांगितली होती!"

"हो ना. अर्धा तास गात होतात सर, कळलं कसं नाही?"

सरांनी तिच्याकडे आता नीट पाहिलं. ओळख पटली तसा चेहरा उतरला. शाल गोळा करून ते गाडीकडे गेले.

भिवाकाका मूळचे कासारवाडीचे, तिला हाताला धरून कार्यक्रमांत आणणारे. तबला गवसणीत घालत ते म्हणाले, "तुजं वैर असंल, न्हाई म्हनत न्हाई. पर साथीला बसून गवयाचा गळा कापू नये, पोरी. आजपासनं माज्या बैठकीत तू न्हाईस."

"चालेल, काका."

काका शब्दाचे पक्के. त्यांच्या ओळखीतली सगळी कामं पुढं बंद झाली. तिला वाईट वाटलं ते काकांचं, सरांचं नाही.

त्या दिवशी घरी येऊन तिनं सगळं सांगितलं, तेव्हा दत्तोबा जेवत होते. ताटावरून मान वर न करता त्यांनी एवढंच विचारलं, "दुसऱ्या खेपेलाबी फाटला का?"

"दुसऱ्या खेपेला जास्त."

दत्तोबांनी आणखी एक भाकरी मागून घेतली.