वाटेतल्या बाईला सोबत

इतिहास शिकवणाऱ्या माणसाला एक आजार जडतो. त्याला जिथे तिथे इतिहास दिसू लागतो. नागपुरात शिकून मी आरमोरीच्या शाळेत मास्तर झालो, तेव्हा देश स्वतंत्र होऊन सात-आठ वर्षे झाली होती आणि मला अजून काहीच सापडले नव्हते. शिलालेख नाही, ताम्रपट नाही, निदान एखादे फुटके नाणे, तेही नाही.

त्या महाशिवरात्रीला आईने मार्कंड्याला जायचे काढले. पुण्यासाठी नव्हे, बाबांसाठी. बाबा आलापल्लीच्या जंगलात लाकडाच्या ठेकेदाराकडे मुनीम होते. मी सहा वर्षांचा असताना ऐन पावसाळ्यात हिवतापाने तिकडेच गेले. रस्ते बंद, नाले भरलेले. बरोबरच्या माणसांनी कुठल्यातरी नाल्याकाठी त्यांना अग्नी दिला आणि दीड महिन्याने आम्हाला पत्र आले. कुठला नाला, कोणती तिथी, काही नाही. अस्थीही नाहीत. अठरा वर्षे आईचे एकच म्हणणे होते, ह्या माणसाला कुठेतरी एकदाचे नीट ठेवायचे. मार्कंड्याला वैनगंगा उत्तरेकडे वळते, म्हणून तिथे केलेले पोचते म्हणतात. आपल्याकडे नदीने दिशा बदलली की तीर्थ होते, पोराने बदलली की वाया जाते.

बैलबंडी हाकायला जवळच्या जंगलगावातला एक म्हातारा गोंड होता. तोंडात तंबाखू, बोलणे बेताचे. दुसऱ्या दिवशी जंगलात एक नाला लागला, तिथे उतरून त्याने एक दगड उचलला आणि बंडीत टाकला. मैलभर पुढे रस्त्याच्या कडेला कमरेएवढा दगडांचा ढीग होता. त्याने बंडी थांबवली आणि आपला दगड त्यावर ठेवला.

"कोणता देव हा, भाऊ?" मी विचारले.

"देव नाई जी. इथी वाघानं एक बाई नेली."

"कधी?"

"लई जुनी गोष्ट हाये."

"नाव काय तिचं?"

"कोनाले मालूम? एकटी पडली ना बिचारी रस्त्यात. जाता-येता मानसानं एक दगड ठेवाव. सोबत होते."

मला काही हे पटेना. गोल ढीग, खाली रुंद, वर निमुळता. मी तिथेच उभा राहून आईला आणि म्हाताऱ्याला बौद्ध स्तूप शिकवला. बैलांनीही ऐकून घेतले. मग मला त्या ढिगात एक दगड दिसला, त्याच्यावर तीन सरळ रेघा. लिपीच ती! मी तो ओढून काढला आणि पिशवीत घातला. नागपूरच्या एखाद्या मासिकात छापलेला माझा लेख मला तेव्हाच दिसू लागला होता.

"ठेवून द्या मास्तर," म्हातारा एवढेच म्हणाला. मी त्याला अंधश्रद्धेवर चार शब्द सुनावले.

मार्कंड्याला जत्रा दाटली होती. देवळाच्या भिंतीवरची काही शिल्पे अशी, की आईने पदर ओढून मला "पुढं पाह्य" म्हणून दामटले. घाटावर एका भटजीबुवांनी दर्भ मांडले, गोत्र विचारले, नाव विचारले. मग तिथी विचारली.

"पावसाळ्यात गेले," मी म्हणालो.

"पावसाळा ही तिथी नव्हे."

माणूस वाईट नव्हता, मागे लोक ताटकळत होते. सर्वपित्री अमावास्या धरून त्याने उरकले. ज्या ऋषीपुढून यमाला हात हलवत परत जावे लागले म्हणतात, त्याच्याच अंगणात आम्ही यमाच्या येण्याची तिथी शोधत होतो. परतताना आई एकदाच बोलली.

"त्याइचं नाई झालं थे. दुसऱ्याच कोनाचं झालं."

ढिगाच्या ह्या बाजूलाही एक नाला होता, तिथे म्हाताऱ्याने ह्या खेपेला दोन दगड उचलले.

"दोन काऊन, भाऊ? त्या बाईचा नवरा सापडला का?" मी म्हटले. तो हसला नाही.

ढिगापाशी बंडी थांबली तशी आई खाली उतरली.

"भाऊ, इथी दुसऱ्याच्या नावानं दगड चालते का? आमचं मानूस आलापल्लीकडे गेलं. जागा मालूम नाई, तिथी मालूम नाई."

"ठेवा ना बाई. दगड थोडीच तिथी इचारते."

आईने माझ्यापुढे हात केला. मी पिशवी छातीशी धरली. हो, सख्ख्या आईसमोर.

"अगं, त्याच्यावर लिपी आहे!"

म्हातारा बैलांची मान खाजवत म्हणाला, "थो मीच ठेवला होता मागच्या साली. ठेवाच्या आधी कुऱ्हाड घासली त्याच्यावर."

"मग तेव्हाच का नाही सांगितलं?"

"तुमी इचारलं कुठी? तुमीच सांगून राह्यले होते."

मी दगड काढून दिला. आईने तो दोन्ही हातांनी ढिगावर ठेवला, हलत नाही ना ते पाहिले, आणि त्या कधी न पाहिलेल्या बाईशी शेजारणीशी बोलावे तशी बोलली.

"बाई, आमच्या मानसाले तुह्याजवळ ठेवून चालली. त्याइले एकट्यानं जेववत नाई. बोलत राह्यजो."

बाबांना एकट्याने जेववत नसे, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळले. गावोगावचा इतिहास गोळा करत हिंडत होतो, आणि घरातले एवढे विचारायचे मला कधी सुचले नव्हते. मला माझी फार लाज वाटली.

मी खाली उतरून दगड शोधू लागलो. आसपास एकही सुटा दगड नव्हता, येणाऱ्या-जाणाऱ्यांनी केव्हाच वेचून नेलेले. म्हाताऱ्याने बंडीतला दुसरा दगड काढून माझ्या हातात दिला.

"घ्या. तुमाले लागन म्हून आनला."

देवाधर्मावर माझा तेव्हा विश्वास नव्हता, आजही नाही. तो लेखही मी लिहिला नाही. पण आईच्या दगडाशेजारी माझा दगड ठेवला, तेव्हा बाबांशी काहीतरी बोलायला हवे असे वाटले. काय बोलावे सुचेना. मग हळूच सांगितले की मी मास्तर झालोय.