धुरपदाबाईचं जपानातलं स्टेशन

फोपनारच्या धुरपदाबाईनं बुऱ्हाणपूरपलीकडचं स्टेशन कधी पाहिलं नाही, पण जपानातलं एक स्टेशन तिला तोंडपाठ आहे. तिचा एकुलता एक लेक समाधान तिकडं म्हाताऱ्यांच्या आश्रमात कामाला. परक्यांच्या आयांना न्हाऊ घालतो आणि आपली आई इथं केळीच्या बागेत एकटी. हे मी तिच्या तोंडावर बोलते. शेजारीण आहे, मला कोण अडवणार?

त्याच्या खोलीतले रातपाळीवाले संध्याकाळी झोपलेले असतात, आणि तिकडं गाडीत फोनवर कुणी बोलत नाही. म्हणून पोरगा कामावरून सुटला की फलाटावरून बोलतो, गाडी येईपर्यंत. आपल्याकडं तेव्हा दुपार असते. फोन मोठ्या आवाजात लावून आम्ही दोघी ओट्यावर बसतो.

शहराच्या कडेचं छोटंसं स्टेशन, कामावर जाणाऱ्या-येणाऱ्यांचं. माणसं पुष्कळ, पण गलका म्हणून नाही. गाडी यायच्या आधी तिथं घंटीसारखी गोड धून वाजते. पहिल्यांदा ऐकली तेव्हा बाईनं पटकन डोक्यावर पदर घेतला आणि हात जोडले.

"आरती चालू हाय का रे बेटा? कोन्या देवाची?"

समाधान हसून हसून बेजार. खरं कळल्यावरही तिचे हात जुळायचे ते जुळायचेच. "लेकाले घरी नेते ना ते गाडी," म्हणायची.

दिवाळीनंतर तिचा नवरा यशवंत गेला. बापाची चिता पोरानं फोनवर पाहिली. आता त्याच्यामागची पहिली अखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, आली. त्या दिवशी आमच्यात गेलेल्या माणसाच्या नावानं पाण्याची घागर भरतात. ती लेकानं भरायची, नाहीतर बाप तिकडं तहानलेला राहतो म्हणतात. होळीपासून बाईनं एकच धोशा लावला होता, "येशीन ना?"

"छुट्टीचं बोललो मम्मी, देखतो," तो म्हणायचा. तेवढ्यात धून वाजायची. बाई हात जोडूनच गाडीला शिव्या घालायची, "मेली ऐन टायमावर येते!"

अखाजी तोंडावर आली. बाजारातून आणलेली लाल घागर ओट्यावर होती. फोन आला तशी बाई म्हणाली, "बेटा, आज हो म्हन, नही तं नही म्हन. तुह्या बापाची घागर हाय."

तो घाईघाईनं म्हणाला, "मम्मी, गाडी आ गई. ठेवतो."

फोन बंद झाला. मी बाईच्या हातांकडे पाहिलं. ते मांडीवरच होते. धून वाजलीच नव्हती.

माझं डोकं फिरलं. "खोटं बोलला गं तुझा..."

"भारती, चूप बस."

मग ती घागरीला टिचक्या मारत, कुठं तडकली तर नाही ना, ते पाहत बसली. रडली असती तर बरं झालं असतं. पोराला येतो म्हणवत नव्हतं आणि येत नाही म्हणवत नव्हतं, हे मलाही कळत होतं. कळून करायचं काय?

अखाजीला यशवंतच्या पुतण्यानं घागर भरली. आंबा, सांजोऱ्या, सगळं रीतसर झालं. दुपारी फोन वाजला.

"मम्मी..." एवढंच म्हणून समाधान थांबला. मागं फलाट शांत होता. कुठंच काही वाजत नव्हतं.

बाईनं डोक्यावर पदर घेतला आणि हात जोडले.

"गाडी आली ना बेटा तुही," ती म्हणाली. "जाय. ठेव फोन."