सुकलेल्या पोंग्यांचे ढीग

अमेरिकेतल्या लढाईपायी कापसाला सोन्याचा भाव आला, त्या वर्षांतली ही गोष्ट. वलगावच्या शिवारात ज्याला त्याला कापसाचं वेड लागलं होतं. आमच्या विहिरीच्या दोन्ही अंगांना मात्र ऊस उभा होता. तो माझ्या थोरल्या भावाचा हट्ट. तो वारला तेव्हा वडील वहिनीला म्हणाले होते, ऊस आहे तोवर मळा तू पाहा. ऊस मोडला की तिची माहेरी रवानगी होणार, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

चैत्रात पोंगे सुकू लागले. कोवळ्या उसाचा मधला कोंब पिवळा पडायचा, ओढला की सरळ हातात यायचा. कुजका वास, आणि बुडाशी अळी. आठ-दहा दिवस कहर चालला, मग थांबला. वाटलं, गेली बला. वैशाखात दुप्पट आली.

माझं डोकं मुळातच तापट. पाणी धरायचं काम वहिनीचं, म्हणून मी सगळं तिच्यावर ढकलून मोकळा झालो. वडिलांसमोर बोललो, "टोकाले पाणीच पोचत नाई. वयनी, तुमच्या हाताले यशच नाई." ती खोरं उचलून पाटाकडे गेली.

"अमावस्येपर्यंत पाहू," वडील म्हणाले. "नाई थांबलं त नांगर घालतो अन् कापूस लावतो."

तिची चूक त्यांना धडधडीत दिसावी म्हणून मी रोज सकाळी सुकलेले पोंगे उपटायचो आणि ज्या त्या सरीच्या तोंडाशी ढीग घालायचो. अमावस्येच्या आदल्या दिवशी विहिरीच्या काठावर उभं राहून मी ते ढीग पाहिले. उगवतीकडच्या सऱ्यांपाशी ढीग गुडघ्याएवढे. विहिरीकडे येता येता ते लहान होत गेलेले. मावळतीच्या टोकाला मूठभरही नाहीत. पाणी तर दोन्ही टोकांना सारखंच उशिरा पोचायचं.

उगवतीच्या धुऱ्यापलीकडे, बांधाच्या पल्याड, आमचंच ज्वारीचं वावर होतं. कापणीनंतरची धसकटं त्यात तशीच उभी होती. एरवी माघात घरच्या बाया ती खणून चुलीसाठी आणत. त्या साली मीच म्हणालो होतो, कापूस वेचा, सरपण विकत घेऊ. मी एक धसकट उपटून विळ्यानं चिरलं. आत तीच अळी. दुसऱ्यात नुसतं टरफल, अळीचं पाखरू होऊन कधीच शेजारच्या उसाकडे उडून गेलेलं.

तरी मी दोन दिवस तोंड उघडलं नाही. आजही त्याची लाज वाटते. वहिनी त्या दोन दिवसांतही पाट फोडत होती, सरी-सरीला पाणी देत होती, आणि मी तिची नजर चुकवत होतो.

अमावस्येच्या दुसऱ्या दिवशी वडिलांनी बैल जुंपले. फाळ पहिल्या सरीला लागणार तेव्हा मी धावत जाऊन कासरा धरला. "थांबा बा. हा किडा माह्यापायी आला." चिरलेलं धसकट त्यांच्या हातात देऊन वहिनीच्या देखत सगळं सांगितलं. त्यांनी अळी निरखून पाहिली. मग बैल वळवून ज्वारीच्या वावरात घातले.

"धसकटं वेच," एवढंच म्हणाले. "अन् जाळ."

माझा जीव भांड्यात पडला. दुपारी जाळून परतलो तर वहिनीनं गाठोडं बांधलं होतं.

"आता काहून चालल्या? ऊस राह्यला ना."

"मी काई उसासाठी नव्हती थांबली, भाऊजी. तुमी ठेवलेला ठपका घेऊन मले माहेरी जायाचं नव्हतं."

दोन दिवस आधी कबूल केलं असतं, तर ती दोन दिवस आधीच आमच्यातून सुटली असती.